फ्लोरेन्स लॉरेन्स: आधी चेहरा, मग नाव

(भाग ३१ चं शब्दांकन. बोलतानाचे अडखळणे आणि दर दोन वाक्यांनी येणारं माझं 'म्हणजे' तेवढं गाळलं आहे.)

आज सुरुवात माफीने करते.

काही भागांपूर्वी आपण रोजच्या वापरातल्या वस्तू कुणी शोधल्या यावर गप्पा मारल्या होत्या. त्यात मी अगदी ठसक्यात सांगितलं होतं की गाडीचा इंडिकेटर एका मूकपटातल्या नटीने शोधला, तिचं नाव फ्लोरेन्स लॉरेन्स, आणि तिचं श्रेय पुरुषांनी लाटलं. तो तुकडा तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी कापून पुढेही पाठवला. मी खूश. मग एका श्रोत्यांचा मेल आला. निवृत्त मेकॅनिकल इंजिनिअर आहेत. मेलमध्ये एकच ओळ होती: "ताई, पेटंट नंबर द्याल का?"

माझ्याकडे पेटंट नंबर नव्हता. मी ती गोष्ट एका लेखातून उचलली होती, त्या लेखाने दुसऱ्यातून, दुसऱ्याने तिसऱ्यातून. आमच्याकडे नेटवरून कोड उचलून चिकटवतात आणि चालला की कुणी बघत नाही तो कुठून आला, तसलाच प्रकार. बीटेक केलेल्या बाईने तरी निदान पेटंट शोधायला हवं होतं, नाही का.

तर काकांना उत्तर: नंबर नाही, कारण पेटंटच नाही. फ्लोरेन्सने आपल्या गाडीसाठी एक युक्ती केली होती हे खरं. बटण दाबलं की गाडीच्या मागे एक हात वर किंवा खाली व्हायचा, त्यावरून मागच्याला कळायचं ही कुठे वळणार. आणि ब्रेक दाबला की मागे 'स्टॉप' लिहिलेली पाटी वर यायची. १९१४ च्या आसपासची गोष्ट आहे ही. स्वतःची गाडी असणारी, ती स्वतः चालवणारी आणि बिघडली तर स्वतः खाली वाकून बघणारी बाई, त्या काळात. पण तिने पेटंट घेतलं नाही. शिवाय वळण्याची दिशा दाखवणाऱ्या उपकरणाचं अमेरिकन पेटंट १९०९ मध्येच दुसऱ्या एका माणसाला मिळालेलं होतं. त्यामुळे 'पहिला इंडिकेटर' आणि 'पुरुषांनी चोरला' ही माझी दोन्ही वाक्यं चूक. परत घेते.

हे तपासताना मी जे वाचत गेले त्यात ती गाडी मागे पडली आणि ही बाईच डोक्यात बसली. म्हणून आजचा अख्खा भाग तिच्यावर.

जन्म २ जानेवारी १८८६, कॅनडातलं हॅमिल्टन. खरं नाव फ्लोरेन्स ब्रिजवुड. आई शार्लट फिरत्या नाटक कंपनीची मालकीण आणि नटी, रंगमंचावरचं तिचं नाव लोटा लॉरेन्स. मुलीलाही तेच आडनाव चिकटलं. लहानपणी ही 'बेबी फ्लो' म्हणून स्टेजवर यायची आणि शिट्टी वाजवायची. गाण्याच्या चालीवर सुरेल शिट्टी. बालपण सगळं गावोगाव, सामान बांधा, सामान सोडा.

पुढे कंपनी मोडली आणि मायलेकी न्यूयॉर्कला आल्या. इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. आपण तिला 'हॉलिवूडची पहिली स्टार' म्हणतो खरं, पण तिची सगळी उमेदीची वर्षं न्यूयॉर्क आणि न्यू जर्सीत गेली. तेव्हा सिनेमाचं गाव तेच होतं. हॉलिवूड म्हणजे लिंबा-संत्र्यांच्या बागांची वस्ती होती. ती तिथे राहायला गेली ती खूप नंतर, आणि तिथे तिच्या वाट्याला काय आलं ते सांगते पुढे.

एडिसनच्या कंपनीत 'डॅनियल बून' नावाचा छोटा सिनेमा चालला होता. काम मिळालं कारण तिला घोड्यावर बसता यायचं. दिवसाला पाच डॉलर, ऐन थंडीत, उघड्यावर. आईलाही त्यात भूमिका मिळाली. मग व्हिटाग्राफ कंपनी, आठवड्याला वीस डॉलर. या वीस डॉलरमध्ये अभिनय तर होताच, शिवाय कपडे शिवायचं कामही होतं. १९०८ मध्ये ती बायोग्राफ कंपनीत गेली. पगार पंचवीस डॉलर, शिवणकाम माफ. पत्ता मॅनहॅटनची चौदावी स्ट्रीट, एका जुन्या घरात थाटलेला स्टुडिओ. दिग्दर्शक होते डी. डब्ल्यू. ग्रिफिथ, जे स्वतःही तेव्हा नवखेच होते.

त्या दिवसांत सिनेमा म्हणजे एक रीळ, दहा-बारा मिनिटं. आठवड्याला दोन-दोन व्हायचे. गावोगावी 'निकलोडियन' उघडली होती. निकल म्हणजे पाच सेंटचं नाणं, तेवढं टाकलं की आत. या सिनेमांवर नटांची नावं नसायची. अजिबात. सुरुवातीला नाही, शेवटी नाही, जाहिरातीतही नाही. एक कारण असं की नाटकातल्या चांगल्या घरच्या लोकांना सिनेमात काम करतो हे सांगायची लाज वाटायची. दुसरं कारण अस्सल कंपनीवालं: नाव झालं की माणूस पगार वाढवून मागणार.

पण प्रेक्षक काय डोळे मिटून बसतात का? तोच चेहरा दर आठवड्याला दिसतोय. आज तो रडतोय, परवा घोड्यावर आहे, त्याच्या पुढच्या आठवड्यात जोन्स नावाच्या ढेरपोट्या नवऱ्याची कजाग बायको झालाय. लोक पत्रं लिहायला लागले. नाव माहीत नाही, मग पत्ता काय घालणार? 'बायोग्राफ गर्ल'. पत्रं पोचायची. कंपनी नाव सांगायची नाही.

मी तिचे या काळातले काही सिनेमे पाहिले. तुम्हालाही नेटवर सापडतील. 'द साँग ऑफ द शर्ट' नक्की बघा, १९०८ चा. ही गरीब शिवणारी मुलगी आहे, बहीण आजारी, अंथरुणाला खिळलेली. ही घरी शर्ट शिवून कारखान्यात नेते, तिथे माल नापास करतात, पैसे मिळत नाहीत. मध्येच कारखान्याचा मालक हॉटेलात चैन करताना दिसतो. मग पुन्हा ती खोली. मला वाटलं होतं मूकपट म्हणजे छाती बडवणं, डोळे फिरवणं. थोडं आहेच ते. पण ती सुई धरते ना, ती शिवता येणाऱ्या बाईसारखी धरते. व्हिटाग्राफचे वीस डॉलर आठवले मला. आणि दुसरा 'दोज ऑफुल हॅट्स', १९०९, तीन मिनिटांचाही नाही. थिएटरात बायका भल्या मोठ्या टोप्या घालून बसल्यात, मागच्यांना दिसत नाही, तर वरून क्रेनसारखा एक जबडा येतो आणि टोप्या उचलून नेतो. शेवटी टोपीसकट एक बाई उचलतो. टोप्या काढा ही सूचना द्यायला बनवलेला सिनेमा आहे हा! त्या गर्दीत ती आहे. मी तिला दुसऱ्यांदा बघताना ओळखलं, आणि तेव्हा पहिल्यांदा त्या पत्र लिहिणाऱ्यांचं मला कळलं. ओळख पटली की नाव हवंसं वाटतं.

१९०८ मध्येच तिने हॅरी सॉल्टर या नटाशी लग्न केलं होतं. दोघांनी जास्त पैशासाठी एसने नावाच्या दुसऱ्या कंपनीला पत्र लिहून बघितलं. त्या कंपनीने काय करावं? ते पत्र थेट बायोग्राफला कळवलं. दोघांची नोकरी गेली. आयटीतल्या मंडळींच्या पोटात आत्ता गोळा आला असेल. आपण निदान नोटीस पिरियडमध्ये असतो.

या कंपन्या एकमेकींना असं का सांभाळून घेत होत्या? तर पुन्हा पेटंट. काका, हे तुमच्यासाठी. डिसेंबर १९०८ मध्ये एडिसन, बायोग्राफ, व्हिटाग्राफ, एसने आणि इतर काहींनी आपापली कॅमेऱ्याची आणि प्रोजेक्टरची पेटंटं एकत्र करून 'मोशन पिक्चर पेटंट्स कंपनी' काढली. यांच्या परवान्याशिवाय कुणी सिनेमा बनवायचा नाही, दाखवायचाही नाही. थिएटरवाल्याने आठवड्याला दोन डॉलर परवान्याचे भरायचे. ईस्टमन कोडॅकशी करार करून कच्ची फिल्मसुद्धा यांनी अडवली. लोक याला नुसतं 'ट्रस्ट' म्हणायचे. १९१५ मध्ये कोर्टाने हा प्रकार बेकायदा ठरवला, पण तोवर सात वर्षं गेली.

ट्रस्टच्या बाहेर राहून भांडणाऱ्यांमध्ये एक होता कार्ल लेमली. जर्मनीहून आलेला, आधी कपड्याच्या दुकानात मॅनेजर, मग शिकागोत निकलोडियन, मग वितरक. पुढे युनिव्हर्सल उभी करणारा तो हाच. १९०९ मध्ये त्याने 'इंडिपेंडंट मूव्हिंग पिक्चर्स', म्हणजे इम्प, काढली. त्याच्याकडे पेटंट नाही, ट्रस्टची ताकद नाही. मग त्याच्याकडे असं काय असू शकत होतं जे पेटंटने अडवता येत नाही? चेहरा. त्याने फ्लोरेन्सला उचललं, हॅरीलाही घेतलं.

आणि मार्च १९१०. 'मूव्हिंग पिक्चर वर्ल्ड' या धंद्याच्या साप्ताहिकात इम्पची मोठी जाहिरात आली. मजकूर साधारण असा: आमच्या शत्रूंनी सेंट लुईस शहरात अफवा पसरवली आहे की मिस लॉरेन्स, जी पूर्वी बायोग्राफ गर्ल होती आणि आता इम्प गर्ल आहे, ट्रामखाली सापडून मेली. हे साफ खोटं आहे. ती धडधाकट आहे, आणि तिचे पुढचे सिनेमे अमुक तमुक. ही अफवा लेमलीनेच सोडली आणि मग त्यानेच तिचा निषेध केला, असं सिनेमाच्या इतिहासात वर्षानुवर्षं सांगितलं जातं. महिनाअखेरीला तिला आणि तिचा सहनट किंग बॅगट याला सेंट लुईसला नेऊन लोकांपुढे उभं केलं. स्टेशनवर ही गर्दी. जिवंत नटी बघायला.

म्हणजे बघा, तिचं नाव पहिल्यांदा ठळक अक्षरांत छापून आलं ते मेल्याची बातमी खोडून काढताना.

इथे मी पुन्हा माझ्याच जुन्या भागासारखं 'पहिली पहिली' करणार नाही. कालेम कंपनीने त्याच जानेवारीत आपल्या नटांचा नावांसकट फोटो छापला होता, आणि फ्रान्सचा विनोदी नट मॅक्स लिंडर त्या सुमाराला नावाने ओळखला जात होताच. पण अमेरिकेत एका नटीच्या नावावर कंपनीने सगळा डाव लावायचा, तिचं नाव म्हणजेच माल, हे इतक्या उघडपणे इथे झालं. आणि चाललं.

तेव्हा ती चोवीस वर्षांची होती.

पुढची चार वर्षं धावपळीची आहेत. इम्पमध्ये वर्षभरही नाही राहिली. १९११ मध्ये फिलाडेल्फियाच्या लुबिन कंपनीत. १९१२ मध्ये लेमलीच्याच आधाराने तिची आणि हॅरीची स्वतःची कंपनी निघाली, व्हिक्टर. आठवड्याला पाचशे डॉलर. पंचवीसवरून पाचशे, चार वर्षांत. बायोग्राफवाल्यांची भीती अगदी खरी ठरली म्हणायची. न्यू जर्सीत पन्नास एकरांची जागा घेतली, तिथे गुलाब लावले. मला यातली गंमत अशी वाटते की ती दरवेळी सिनेमा सोडून तिथे जाऊन बसायची. स्टार होऊन दोन वर्षं होत नाहीत तर ती निवृत्तीची भाषा करत होती. लहानपणापासून ट्रंका बांधणाऱ्या बाईला एका जागी उगवणाऱ्या झाडाचं अप्रूप असेल, असं मी आपलं माझ्या मनाशी.

गाडीची युक्ती याच काळातली. आणि याच काळात, १९१४ मध्ये, 'पॉन्स ऑफ डेस्टिनी'चं चित्रीकरण. आगीचा प्रसंग होता. आग आटोक्याबाहेर गेली. ती भाजली, केस जळले, पडली आणि पाठीला जबर मार बसला. उपचारांचा खर्च कंपनीने उचलला नाही ही तिची तक्रार कायमची राहिली, आणि नवऱ्याने आपल्याला त्या प्रसंगात ढकललं ही दुसरी. लग्न तिथेच संपत आलं. १९१६ मध्ये 'इल्यूसिव्ह इझाबेल' करून ती परत आली, पण शरीराने साथ दिली नाही. काम करताना कोसळली, कित्येक महिने अंथरुणावर.

झालं. एवढीच कारकीर्द. ठळक अक्षरांतली तर चारच वर्षं. अठ्ठाविसाव्या वर्षी संपली. मी आत्ता जवळपास त्याच वयाची आहे आणि आमच्याकडे या वयाला 'सिनियर' हा शब्द नुकताच नावापुढे लागतो, म्हणून ते वय मला जरा टोचलं.

बाकीचं पटकन सांगते. हॅरी १९२० मध्ये गेला. १९२२ मध्ये 'द अनफोल्डमेंट'मधून पुन्हा प्रयत्न, कुणी फारसं पाहिलं नाही. दुसऱ्या नवऱ्याबरोबर लॉस एंजेलिसमध्ये सौंदर्यप्रसाधनांचं दुकान काढलं. १९२९ मध्ये आई गेली, शेअरबाजार कोसळला, त्यात पैसे गेले. मग घटस्फोट. तिसरा नवरा मारझोड करणारा निघाला, काही महिन्यांत ती बाहेर पडली. १९३६ पासून एमजीएमने मूकपटातल्या जुन्या नटांना गर्दीतल्या आणि एक-दोन वाक्यांच्या कामांसाठी आठवड्याला ७५ डॉलरवर ठेवलं होतं, त्यात ही होती. किंग बॅगटही होता. तोच, सेंट लुईसच्या स्टेशनवरचा. त्या सिनेमांत या लोकांचं नाव पडद्यावर येत नसे. हॉलिवूडने तिला दिलं ते हे. पुन्हा गर्दीत, पुन्हा नावाशिवाय.

हाडांच्या मगजाचा दुर्धर आजार झाला होता, वेदना खूप होत्या. २८ डिसेंबर १९३८ ला तिने आयुष्य संपवलं. वय ५२.

आईबद्दल एक राहिलंच. शार्लटबाईंनी पहिल्या महायुद्धाच्या काळात गाडीच्या काचेवरचं पाणी पुसणाऱ्या विजेच्या वायपरचं पेटंट घेतलं होतं. ते मात्र खरंखुरं पेटंट आहे. पात्याऐवजी त्यात रोलर होते. धंदा म्हणून चाललं नाही, पण कागद आहे. मुलीची युक्ती आपल्याला माहीत आहे ती मुलगी प्रसिद्ध होती म्हणून, मासिकांनी लिहिलं म्हणून. आईचं काम माहीत आहे ते सरकारी दप्तरात नोंद आहे म्हणून. आणि मी माझ्या त्या भागात आईचा उल्लेखसुद्धा केला नव्हता.

आता ज्यासाठी मला हा भाग करायचाच होता ते. तिचे सिनेमे आज किती उरले आहेत बघायला गेले तर एक विचित्र गोष्ट दिसली. अमेरिकेत १९१२ पर्यंत सिनेमाला सिनेमा म्हणून कॉपीराइटच नव्हता, फोटोंना होता. मग कंपन्या काय करायच्या, अख्खा सिनेमा फ्रेम न् फ्रेम कागदाच्या लांब पट्ट्यांवर छापायच्या आणि फोटो म्हणून वॉशिंग्टनला लायब्ररी ऑफ काँग्रेसमध्ये जमा करायच्या. खरी फिल्म नायट्रेटची, पेटायची, कुजायची. कागद तळघरात पडून राहिला. १९५०-६० च्या दशकांत त्या कागदांवरून पुन्हा फिल्म बनवली गेली, असे तीन हजारांवर सिनेमे परत मिळाले. कुणी बॅकअप म्हणून ठेवलं नव्हतं, वकिलांनी सांगितलं म्हणून ठेवलं होतं. त्यात बायोग्राफचे पुष्कळ आहेत. शिवाय बायोग्राफच्या मूळ निगेटिव्ह न्यूयॉर्कच्या म्यूझियम ऑफ मॉडर्न आर्टने १९३९ मध्ये ताब्यात घेतल्या.

इम्प आणि व्हिक्टर मात्र युनिव्हर्सलमध्ये गेल्या. युनिव्हर्सलने १९४८ मध्ये आपल्याकडचे उरलेसुरले मूकपट नष्ट केले, फिल्ममधली चांदी काढायला. तिच्या इम्प-व्हिक्टरच्या सिनेमांतले बहुतेक आज नाहीत.

म्हणजे जिथे तिचं नाव नव्हतं ते काम मला परवा रात्री लॅपटॉपवर बघता आलं. शर्ट शिवताना, जोन्सशी भांडताना, टोप्यांच्या गर्दीत. आणि जे तिच्या नावावर विकलं गेलं, ज्याच्यासाठी ती एकदा खोटी मेली, त्याची जाहिरात उरली आहे. आमच्याकडे 'गिट ब्लेम' म्हणून एक कमांड असते. कुठली ओळ कुणी लिहिली ते नावासकट दाखवते. नोकरी सोडून गेलेल्यांची नावं त्यात दिसत राहतात, आणि कधी कधी सिस्टिम बदलताना सगळा कोड कुणा भलत्याच्याच नावावर चढतो, काम मात्र चालू राहतं. मी ती कमांड हजारदा चालवली असेल. या आठवड्यात चालवताना थांबले थोडी.

तिची कबर हॉलिवूडच्या दफनभूमीत आहे. १९९१ पर्यंत तिच्यावर दगडच नव्हता, पन्नासच्या वर वर्षं. मग एका ब्रिटिश अभिनेत्याने पैसे दिले आणि स्वतःचं नाव जाहीर करू नका म्हणून सांगितलं. आता तिथे छोटा दगड आहे. त्यावर 'द बायोग्राफ गर्ल' लिहिलंय, 'द फर्स्ट मूव्ही स्टार' लिहिलंय, आणि तिचं नाव. जन्मसाल १८९० घातलंय. चार वर्षांनी चुकलंय.

काका, मेलबद्दल मनापासून आभार. मागच्या त्या भागाच्या खाली दुरुस्ती टाकली आहे, आणि आईच्या वायपरची ओळही घातली आहे. पुढच्या शनिवारी भेटू.